आठवी विहीर

१

आधीच सांगून टाकतो, यात माझी थट्टा फक्त आठव्या विहिरीपुरती आहे. बाकीचं मी केलेलं नाही. मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत कुणाची चप्पल झाडावर लटकलेली दिसली की लोक आधी आमची बेल वाजवतात, आणि बहुतेक वेळा बरोबर घरी येतात, ते मी नाकारत नाही. पण हे माझं नाही. देवाशपथ. माझ्या शपथेला गल्लीत कुणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर रोज दुपारचा चहा झाला की जेवणाच्या टेबलावर ऋचाचा टॅब लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा करायचा. ऋचा माझी नात, मुलीची मुलगी. हेब्बाळला कंपनीत आहे, म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस आमच्याच मधल्या खोलीत कानाला डबडी लावून बसलेली असते. टॅबसमोर आम्ही चार म्हातारे. मी व्यंकोजी, माझी बायको शालन, आणि समोरच्या घरातले पद्मनाभसाहेब आणि त्यांच्या शुभदाताई. साहेब आणि मी एकाच सरकारी कारखान्यात होतो. ते ड्रॉइंग काढायचे, मी क्रेन चालवायचो. ते पुण्याचे, एम.ई. झालेले. मी निपाणीचा, सातवीत गटांगळी खाल्लेला. ते खालून मला हुकूम द्यायचे, मी वरून त्यांच्या टकलावर शेंगांची टरफलं टाकायचो. अशी मैत्री टिकते.

चौघांनी बोटीची सहल ठरवली होती. चेन्नईहून निघायचं, मधे एक दिवस श्रीलंकेत त्रिंकोमालीला उतरायचं. बोट सकाळी धक्क्याला लागणार, संध्याकाळी सुटणार. त्या एका दिवसासाठी आम्हाला आमचा स्वतःचा गाइड पाहिजे होता. बोटवाल्यांची बस असते, पण तिच्यात चाळीस माणसं आणि पुढे झेंडा. झेंडा थांबत नाही. आणि शालनचे गुडघे झेंड्यामागे पळणारे नाहीत. एकदा महिला मंडळाबरोबर हळेबीडला गेली होती तेव्हा बस तिला विसरून निघून गेली. अर्धा दिवस एकटी पायरीवर बसून होती बिचारी. तेव्हापासून तिची एकच अट.

"मला मागं सोडून न जाणारा माणूस पाहिजे," ती म्हणायची. "त्याला इतिहास आला नाही तरी सरी."

म्हणून आम्ही एकेका गाइडला टॅबवर बोलावून मुलाखत घेत होतो. साहेब गाडीचं विचारायचे. शुभदाताई संडास कुठेकुठे आहेत ते विचारायच्या. आणि मी खोटं पकडायचो.

त्रिंकोमालीजवळ कन्निया म्हणून जागा आहे. तिथे गरम पाण्याच्या सात विहिरी आहेत, लहान, चौकोनी, प्रत्येकीचं पाणी कमीजास्त गरम. बालदीनं अंगावर घ्यायचं. शालनचा सगळा जीव त्या पाण्यात. मी प्रत्येक गाइडला हळूच विचारायचो, "आणि ती आठवी दाखवणार ना?"

आठवी नाहीच. हो म्हणाला की गडी खोटारडा.

नुसतं नाव सांगून भागत नाही, वर्णनही लागतं. त्यासाठी मला लांब जावं लागलं नाही. माझ्या खुर्चीतून मागचं दार दिसतं, दारातून परसू दिसतं, आणि परसात आमची झाकलेली विहीर. नळ आले तेव्हा वडिलांनी तिच्यावर दगडी फरशा टाकून घेतल्या आणि रिवाजाप्रमाणे मधोमध एक लोखंडी पाइप उभा ठेवला. विहीर झाका, पण तिचा श्वास कोंडू नका, असं आमच्याकडे मानतात. शालन दर शुक्रवारी त्या पाइपाला हळदकुंकू लावते. मी तिकडे बघत बघत गाइडांना सांगायचो, "गोल आहे म्हणे. वर फरशी. मधून पाइप निघालाय, त्याला हळदकुंकू."

पहिला गाइड म्हणाला, "येस सर! एट्थ वेल, लंच इन्क्लुडेड!" साहेब चहात ठसकले.

दुसरा गणेशन. तोंड लग्नाच्या पंगतीत मीठ विसरल्यासारखं. तो म्हणाला, "सातच आहेत, सर. मी तिथेच जन्मलो. आठवी दाखवतो असं कुणी म्हणालं तर त्याच्याबरोबर जाऊ नका."

खरा माणूस होता. पण हसत नव्हता, आणि त्याच्या गाडीची पायरी उंच होती. शुभदाताईंनी नापास केला.

२

तिसऱ्याचं नाव सेल्वा.

चित्र काळंकुट्ट. गालाचं एक हाड दिसायचं आणि बोलताना दात. वरच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका, रुपयाएवढा, गोल.

"अंकल, लाइट मागे आहे," ऋचा म्हणाली. "प्लीज थोडं समोर या ना."

"रेंज इथंच मिळते, मगळे," तो कन्नडमध्ये म्हणाला. मगळे म्हणजे पोरी.

आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. पण एक गोष्ट मला आवडली. बाकीच्यांचे फोन अडकायचे, तोंड उघडं राहून थिजायचे. याचा फोन एकदाही अडकला नाही. आपला प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार.

शालन सवयीनं सगळ्यांना विचारते, "ऊटा आयता?" जेवलात का. पहिल्या दोघांना कळलंच नव्हतं. हा म्हणाला, "आयतु अक्का. निम्मदु?" झालं, तुमचं?

"अरे वा! कन्नड कुठं शिकलात हो?"

"ऐकून ऐकून. वरती लोक बोलत असतात, कानावर पडतं. मराठी पण स्वल्प स्वल्प येतं."

मी म्हटलं, वरती म्हणजे डोंगरावरच्या देवळात यात्रेकरू येत असतील. आपल्याला काय.

"आणि आठवी विहीर?" मी डोळा मारत साहेबांच्या पायावर पाय दिला.

टॅब हँग झाला असं वाटून ऋचानं बोट लावलं. तेवढ्यात तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं, अण्णा?"

"ऐकून ऐकून," मी म्हटलं.

"ती सगळ्यांना दाखवत नाही. गोल आहे. वर फरशी. लोखंडी पाइप. दर शुक्रवारी हळदकुंकू."

सापडला! मी मांडीवर थाप मारणार होतो. हात अर्ध्यावर राहिला. शुक्रवारचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"आत एक कळशी आहे," तो पुढे म्हणाला. "तांब्याची. एका अंगाला चेपलीय. पोटावर टिंबाटिंबांनी नाव कोरलंय. तुमचीच लिपी. मला वाचता येत नाही, फोटो पाठवतो."

टॅब किणकिणला. हिरव्या पडलेल्या तांब्यावर टिंबं होती. ऋचानं मोठं केलं आणि वाचलं, "कु... शालन... निपाणी. ओ माय गॉड, आज्जी!"

शालननं हात तोंडावर नेला. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेली कळशी विहीर झाकायच्या वर्षी दोर तुटून आत पडली होती. त्यावर ती महिनाभर रडली होती.

मग सगळे माझ्याकडे वळून हसायला लागले. साहेबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मीही हसलो. सवय असते तोंडाला.

"मागं सोडून नाही ना जाणार?" शालननं टॅबला विचारलं. हसणं तिच्या कानावर गेलंच नव्हतं.

"मी कधीच कुणाला मागं सोडत नाही, अक्का," सेल्वा म्हणाला. "माझं तेच काम आहे."

शालन उठली आणि सुपारी घेऊन आली. कुणाचंही काम ठरलं की ती सुपारी देते. आचारी असो, गादीवाला असो, कुणी असो. एकदा केबलवाल्याला दिली, तो घाबरून दोन महिने फिरकला नाही. तिनं टॅबसमोर विड्याचं पान ठेवलं, वर सुपारी ठेवली आणि कुंकवाचं बोट काचेकडे नेलं.

"आज्जी, स्क्रीनला नको!" ऋचा ओरडली.

"कडेला लावते गं. माणूस ठरवलाय आपण."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान आणि सुपारी देवाच्या शिळ्या फुलांबरोबर गेली. आमच्या घरातलं निर्माल्य कुठे जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऋचा कंपोस्टवर भाषण देते, शालन ऐकून घेते आणि पाण्याचं पाण्यात म्हणून पाइपात टाकते.

३

मी ओळखलं. हे साहेबांचं काम. शेंगांच्या टरफलांचा सूड.

दोन दिवस मी गप्प बसून कौतुक केलं. कळशीची गोष्ट शालननं शुभदाताईंना सांगितलेली असणारच, बायका विहिरीत पडलेली सुईसुद्धा एकमेकींना सांगतात. शुक्रवारचं कुंकू गल्लीला ठाऊक आहे. कळशीचा फोटो काय, आजकालची पोरं गाढवाला सूट घालून देतात. एखादा नाटकवाला धरायचा, अंधारात बसवायचा, झालं. मला नुसतं राहवेना म्हणून मी समोर गेलो. साहेब दारात पेपर वाचत होते.

"मानलं तुम्हाला," मी म्हटलं. "एम.ई.चा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला."

"कशाबद्दल?"

"सेल्वा."

त्यांनी चष्मा वर केला. "व्यंकोजीराव, तेच मी तुम्हाला म्हणणार होतो. कुठून पैदा केलात हो हा नट? शुभदा तर म्हणते, यांनी बायकोची कळशी पुन्हा बनवून घेतली, त्यावर हिरवा रंग दिला, कोण करतो एवढं या वयात!"

"साहेब, पुरे आता."

"अहो, पण छानच झालंय! फक्त खऱ्या गाइडचं काय ते सांगा. तारीख जवळ आलीय."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. या माणसाला खोटं बोलता येत नाही. क्रेनवरून मी त्याला वर्षानुवर्षं बघितलंय. खोटं बोलायचं असलं की त्याचे कान लाल होतात. कान पांढरे होते.

"नंबर कुणी दिला त्याचा?" मी विचारलं.

"तुम्हीच. ऋचाला."

घरी येऊन ऋचाला विचारलं. ती डबडं एका कानावरून सरकवून म्हणाली, "आजोबा, सिरियसली? मला वाटलं तुम्ही ॲड केलाय. लिस्टमध्ये होताच तो."

"मी? मला तुझ्या टॅबचं वरखाली कळत नाही."

"मग पद्मनाभ अंकलनी केला असेल," ती म्हणाली आणि पुन्हा ऑफिसात गेली, म्हणजे डबडं कानावर घेतलं.

मी मागच्या दारात उभा राहिलो. परसात कपडे वाळत होते. पाइपाला शुक्रवारचं कुंकू होतं. त्याच्या तोंडाजवळची हवा थरथरत होती, जशी उन्हात रस्त्यावरच्या डांबरावर थरथरते. ऊन पडलेलंच नव्हतं.

४

पुढचा फोन सेल्वानंच लावला. चौघे टेबलाशी होतो. तो काहीतरी चावत होता. कटर, कटर. दाढेखाली काहीतरी टणक फुटत होतं.

"काय खाताय हो?" शुभदाताई म्हणाल्या.

"अक्कांनी दिलेली सुपारी."

सगळे हसले. शालन लाजली. "बघा, किती मान ठेवतो," ती म्हणाली. मला मात्र ती सुपारी कुठे गेली होती ते आठवलं.

"मी जरा पाणी पिऊन येतो," असं म्हणून मी उठलो आणि स्वयंपाकघरातून मागे परसात गेलो.

आता मी डोकं लावून सांगतो. माणूस म्हातारा झाला की कानात आवाज येतात. शेजारच्या फ्लॅटातला टीव्ही पाइपातून घुमू शकतो. बोअरवेलची मोटर असते, टँकर असतो, सगळं असतं. हे सगळं मी फरशीवर पाय ठेवायच्या आधीच मनात म्हणून घेतलं होतं.

मी वाकलो. पाइपाच्या तोंडातून शालनचा आवाज येत होता.

टेबलाशी बसलेल्या शालनचा. "तिकडं साडी नेसून चालेल का हो?" ती विचारत होती. फोनमधून येतो तसा, जरा पातळ. म्हणजे खाली कुणाच्या तरी हातात फोन होता आणि त्यातून ती बोलत होती. मग दुसरा आवाज आला, फोनमधला नव्हे, नुसता, अंगाचा. "चालेल, अक्का. काठ ओला होईल तेवढाच."

मी पाइपावर तळहात ठेवला.

घरातून ऋचा ओरडली, "अरे! तो वरचा लाइट गेला. पूर्ण ब्लॅक झालं!"

हात उचलला.

"आला!"

पुन्हा ठेवला. "गेला परत. सेल्वा अंकल, तुमच्याकडे पॉवर जातेय का?"

हसलो मी. खरंच हसलो, तोंडातून तेच आलं. वाटलं, वा रे पठ्ठ्या, एवढी मोठी थट्टा मला आयुष्यात जमली नाही. आणि हात तसाच ठेवून उभा राहिलो, कारण उचलायला जमेना.

तळव्याला खालून गरम लागलं. ओलसर. थांबून थांबून येत होतं. मला कळायला वेळ लागला की ते माझ्याच श्वासाबरोबर येतंय. मी श्वास घेतला की थांबायचं, सोडला की यायचं. मी श्वास धरून ठेवला. खालचाही थांबला. मला जितकं धरवलं तितकं मी धरलं, आणि शेवटी छाती फुटायची वेळ आली तेव्हा हाताखाली कुणीतरी हळूच हसलं आणि फुंकर घातली. लहान मुलाच्या खरचटलेल्या हातावर घालतात तशी.

त्या फुंकरीला सुपारीचा वास होता.

५

शालनला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल पुरे तुमचे चाळे. त्याची मी तयारी ठेवली होती. तिनं मात्र कणीक मळता मळता शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"म्हणजे तो इथंच असतो? इतकी वर्षं? आणि मी नुसतं ऊटा आयता विचारते. कधी घासभर भात टाकला नाही."

"अगं बाई, तो माणूस नाही!"

"मला मागं सोडून जाणार नाही म्हणाला. माणसं गेली होती सोडून."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं. माझ्याशी भांडताना तिचा आवाज चढतो, मला त्या आवाजाची सवय आहे. हा आवाज दुसऱ्याशी बोलून आल्यासारखा होता.

मी साहेबांना बोलावलं, ऋचाला बोलावलं. ऋचाला सेल्वाचा फोन लावायला सांगून, हात पाइपावर ठेवून, उचलून सगळं करून दाखवलं. साहेबांनी स्वतः हात ठेवला. त्यांचे कान पांढरे पडले आणि ते तळहात सदऱ्याला पुसत घरी गेले. शुभदाताईंनी सांगून पाठवलं की आमचं येणं रद्द समजा. ऋचानं सेल्वाचा नंबर बंद केला. "आजोबा, प्लीज सांगा की हा प्रँक आहे," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे ते मागितलं, आणि माझ्याजवळ ते नव्हतं.

शिवाप्पा गवंडी माझा जुना दोस्त. बागलकोटचा आहे. त्याला बोलावून पाइपात पोतं कोंबून सिमेंट भरायला सांगितलं. शालन खिडकीत उभी राहून बघत होती.

"श्वास कोंडताय," एवढंच म्हणाली.

शिवाप्पानं पाइपाला हात लावला आणि पटकन काढला. "अण्णा, ही गरम पाण्याची लाइन आहे काय?"

"तू भर."

"सरी, भरतो. पण खालून कुणीतरी पोतं ओढून घेतंय बघा. स्वल्प धरा."

दोघांनी धरलं. पोतं पहिल्यांदा गेलं ते गेलंच. दुसरं बसलं. वर सिमेंट चढलं आणि आवाज बंद झाला. मला हायसं वाटलं. आता शालनला बोटीवर न्यायची, खऱ्या सात विहिरींवर न्यायची, गुडघ्यांवर गरम पाणी घालायचं आणि तिला तिच्या आवाजात परत आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ऋचानं गणेशनला पुन्हा फोन लावला. मीठ विसरलेलं ते तोंड बघून मला रडू यायचं बाकी होतं.

"तुम्हाला आम्ही ठरवलं," मी म्हटलं. "पायरी उंच असू दे."

"सर, आधी एक सांगा. आठवी दाखवतो म्हणणारा कुणी भेटला का?"

मी मान डोलावली.

"त्याला काही दिलंत?"

"सुपारी," मी म्हटलं. "बायकोनं दिली."

गणेशन माझ्या मागे बघत होता. मागे शालन भांडी लावत होती. मग तिच्यावरून नजर काढून तो म्हणाला, "सर, त्या दिवशी मी मोकळा नाही." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

६

शालन रोज दुपारी गुडघ्यांवर गरम पाणी घेते. न्हाणीघरात पाटावर बसून, तांब्यातांब्यानं. त्या दिवशीही गेली. ऋचा मधल्या खोलीत कानाला डबडं लावून बोलत होती. मी टेबलाशी बसून शेंगा सोलत होतो. सेल्वाचा नंबर बंद होऊन तीनचार दिवस झाले होते. मला शेंगांची चव लागायला लागली होती.

लोणच्याच्या बरणीला टेकलेला टॅब उजळला. वाजला नाही. नुसतं चित्र आलं.

काळोख. वर तो गोल उजेड. पण आता तो रुपयाएवढा नव्हता, ताटलीएवढा होता, आणि त्याला भोकं होती. मी चष्मा लावला. चाळण वाटली. मग वाटलं, इडलीपात्राची ताटली असेल. मी मनातल्या मनात आमच्या घरातल्या भोकाभोकांच्या सगळ्या वस्तू आठवत होतो, आणि एक सोडून सगळ्या आठवल्या.

त्या भोकांवर, म्हणजे न्हाणीघरातल्या मोरीच्या जाळीवर, दोन पाय येऊन उभे राहिले. खालून बघितल्यावर पाय दिसतात तसे, पांढरे, चपटे. टाचेच्या भेगांत कोकमतेल चमकत होतं. ते मी सकाळीच लावून दिलं होतं. बोटात जोडवी.

"सावकाश, अक्का," सेल्वा म्हणाला. आता घुमत नव्हता. "घाई नाही. मी आहे."

"आले हो," शालन म्हणाली.

टॅबमधून म्हणाली, आणि मग, जरा मागाहून, न्हाणीघराच्या दारामागून म्हणाली.

खुर्ची कुठे पडली मला ठाऊक नाही. दाराला आतून कडी होती. बाहेरच्या गीझरचा दिवा बंद होता, तरी दाराच्या फटीतून वाफ येत होती.

"शालन! कडी काढ!"

"काय झालं हो ओरडायला?" आतून. "पाणी किती छान गरम आहे. गुडघे मुळीच दुखत नाहीत बघा."

"तू कुठं आहेस?"

"इथंच की."

तो आवाज दारापासून लांब होता. आमचं न्हाणीघर एवढं लांब नाही. पाट ठेवला की बालदी बाहेर काढावी लागते, एवढंच आहे. मी दाराला खांदा दिला. त्र्याहत्तर वर्षांचा खांदा. ऋचा धावत आली, माझं तोंड बघून काही न विचारता पाना आणायला पळाली.

न्हाणीघराच्या दारातून टेबलावरचा टॅब दिसतो. त्यात आता उजेडाचा गोल मागे राहिला होता. दोन माणसं दिसत होती, पाठमोरी. एक गालाचं हाड असलेला. दुसरी शालन, पदर कमरेला खोचलेला, साडीचा काठ ओला. लंगडत नव्हती. तिला असं चालताना मी लग्नानंतरच्या पहिल्या दोनचार वर्षांतच बघितलं असेन. तो पाऊल टाकायचा, थांबायचा, ती आली की पुढचं टाकायचा. अर्धं पाऊलसुद्धा पुढे जात नव्हता.

"शालन, वळून बघ!"

वळली नाही.

मला एकच गोष्ट माहीत आहे जी त्याला माहीत नसणार. शालनला हसू आलं की चालता येत नाही. लग्नाच्या सप्तपदीत मी तिच्या कानात काहीतरी बोललो होतो, तर चौथ्या पावलाला भटजींना थांबावं लागलं होतं. हसली की जागच्या जागी उभी राहते आणि भिंतीला धरते. म्हणून मी दाराला तोंड लावून सुरू केलं. पद्मनाभसाहेबांची नक्कल केली. टक्कल पुसत इंग्रजीत शिंकतात ती. शिंक बरोबर जमली.

ती हसली. टॅबमध्ये ती थांबली, हात बाजूला नेऊन काहीतरी धरलं, आणि तिचे खांदे हलले. हसू आधी टॅबमधून आलं, मग दारामागून. सेल्वाही थांबला. वाट बघत राहिला. त्याला घाई नव्हतीच.

मी केबलवाल्याची गोष्ट सांगितली. ती हसली. टॅबमधून, आणि मग बऱ्याच वेळानं दारामागून, पाइपातून यावं तसं. ऋचा फटीत पाना घालून कडी उचकटत होती. रडत होती आणि उचकटत होती. "आजोबा, थांबू नका," ती म्हणाली, "बोलत राहा."

मी बोलत राहिलो. शुभदाताई झाल्या, मीठ विसरलेला गणेशन झाला, स्वतःची थट्टा केली. रडू येऊन शब्द मोडत होते, तशातही ती हसत होती. शालनला माझी सगळी नाटकं पाठ आहेत, तरी ती हसते. दर वेळी दोन पावलं चालायची, थांबायची, हसायची. आणि मग त्याच्याबरोबर पुन्हा दोन पावलं.

कडी सुटून खाली पडली. दार आपोआप बोटभर उघडलं आणि वाफ माझ्या तोंडावर आली. त्या वाफेत सुपारीचा वास होता. ऋचानं हात पुढे केला, पण ढकललं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

आत कुणी हसत नव्हतं. टॅबमध्ये मात्र शालन अजून चालत होती.

मी दाराकडे पाठ केली, टेबलावरचा टॅब दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ धरला आणि पुढची गोष्ट सांगायला लागलो.